लकव्यात आधी घड्याळ बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जागतिक हृदय दिनानिमित्त कालच्या रविवार पुरवणीत आलेला पानभर लेख दोनदा वाचला. रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, म्हणून सकाळी उठल्याउठल्या हे पत्र लिहायला बसले आहे.

लेखात ऑलिव्ह ऑईल आहे, अक्रोड आहे, रोजची दहा हजार पावलं आहेत. त्याला माझी ना नाही. पण हृदयविकाराचा झटका आणि लकवा एकाच चौकटीत घालून त्याखाली ‘झटका येताच ॲस्पिरिनची गोळी चावून खावी’ असं छापलं आहे, ते वाचून मी हादरले. छातीत कळ येऊन दरदरून घाम फुटला, तर डॉक्टर ही गोळी चावायला सांगतात, कारण हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकलेली असते. लकव्यातही बहुतेकदा गुठळीच असते, पण काही जणांच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुटून आत रक्त सांडलेलं असतं. बाहेरून दोघंही सारखेच दिसतात. तोंड वाकडं, हात लुळा. सीटी स्कॅन केल्याशिवाय मोठ्या डॉक्टरलाही त्यातलं कोणतं ते खात्रीने सांगता येत नाही. आत रक्त सांडत असलेल्या माणसाला तुमच्या चौकटीवर विश्वास ठेवून कुणी ती गोळी दिली तर? याची दुरुस्ती पुढच्या रविवारची वाट न बघता उद्याच छापा, पहिल्या पानावर.

माझ्या थोरल्या भावाचं सांगते. दोन वर्षं झाली. शेतीची लाईट रात्रीची, म्हणून दादा उसाला पाणी पाजून पहाटे साडेपाचला घरी आला आणि वहिनीला म्हणाला, “चहा टाक.” त्याचं ते शेवटचं धड वाक्य. चहाची कपबशी हातातून सुटली, उजवा हात उचलेना, तोंड डावीकडे ओढलं गेलं. बोलायला गेला तर नुसता घशातला आवाज. आजूबाजूची माणसं धावली आणि सगळ्यांनी एकच सांगितलं, अंगावरून वारं गेलंय, पांघरूण घाला, पडू दे, उतरेल.

त्यातलं कुणी वाईट नव्हतं. एकाने तेल गरम करून आणलं, हातपाय चोळले. एक जण पारवा धरायला गेला, कारण पारव्याचं रक्त चोळलं की लुळा हात हलतो, अशी आमच्याकडे समजूत. वहिनीने साखरपाणी पाजलं, तर दादाला ठसका लागला आणि डोळे पांढरे झाले. लकव्यात गिळण्याचे स्नायूही ढिले पडतात, पाणी श्वासनळीत उतरू शकतं, तोंडात थेंबही घालायचा नसतो, हे तिला आयुष्यात कुणी सांगितलेलं नव्हतं. तुमच्या पानभर लेखातही ते नाही.

मला फोन आला नऊ वाजता. मी ओरडलेच, की आहे तसा उचला. १०८ला फोन करायचं तोवर कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. भाच्याने शेजाऱ्याची गाडी काढली. तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात सलाईन लावून तासभर ठेवून घेतलं आणि मग सांगितलं, आमच्याकडे सीटी स्कॅन नाही, पुढे न्या. शहरातल्या हॉस्पिटलात स्कॅन झाला तेव्हा पावणेएक वाजला होता. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “शेवटचे नीट कधी बोलले?” वहिनी म्हणाली, “साडेपाचला. चहा टाक म्हणाले.” बाईंनी बोटांवर तास मोजले आणि काही बोलल्या नाहीत.

सव्वासात तास झाले होते. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्यातही जितकं लवकर तितकं चांगलं. हे औषध काही कालपरवाचं नाही, अमेरिकेत लकव्यासाठी त्याला १९९६ सालीच मान्यता मिळाली आहे. मोठ्या रक्तवाहिनीतली गुठळी तार घालून ओढूनही काढता येते, निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत. पण ती सोय मोजक्या मोठ्या हॉस्पिटलांत, आणि दादाच्या मेंदूचा तेवढा भाग तोवर गेला होता. रक्तपुरवठा तुटल्यावर मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी दर मिनिटाला मरतात, असं मी नंतर वाचलं. तेव्हापासून त्या सकाळच्या मिनिटांचा हिशेब डोक्यातून जात नाही.

मी पस्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, म्हणून शब्दांकडे माझं लक्ष जातं. आपण ‘वारं गेलं’ म्हणतो. वारं म्हटलं की ते आलं तसं जाईल असं मनात बसतं, आणि माणसं ते उतरायची वाट बघत बसतात. छातीत दुखलं तर हीच माणसं रात्री दोनला गाडी काढतात. लकव्याला काढत नाहीत, कारण त्यात दुखत नाही, रक्त दिसत नाही, माणूस शांत पडून असतो. म्हणून लकव्याला वेगळी जागा द्या. हसायला सांगा, तोंड एका बाजूला झुकतंय का बघा. दोन्ही हात वर करायला सांगा, एक खाली येतोय का बघा. एक साधं वाक्य बोलायला सांगा. यातलं एक जरी बिघडलं, तरी वेळ लिहून घ्या आणि सीटी स्कॅन असलेल्या हॉस्पिटलातच न्या. एवढं छापायला तुम्हाला चार ओळी पुरल्या असत्या.

आणखी एक सांगायचं राहिलं. त्याआधी पंधरवड्यापूर्वी म्हशीची धार काढताना दादाचा तोच हात दहा मिनिटं बधिर झाला होता आणि आपोआप बरा झाला. घरात सगळ्यांनी देवाचे आभार मानले. तो मोठ्या लकव्याआधीचा इशारा होता. असा इशारा आल्यावर पहिल्या दोन दिवसांत धोका सगळ्यात जास्त असतो, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा असतो. दादाची बीपीची गोळी तर आठ महिन्यांपासून बंद होती. एकदा मोजल्यावर बीपी नॉर्मल आलं, म्हणून त्याने स्वतःच सोडली. गोळी चालू होती म्हणून ते नॉर्मल होतं, हे त्याला कळलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. ते मला फार लागतं. लकव्याच्या कारणांत वाढलेलं बीपी पहिलं येतं. त्यावर लेखात अर्धी ओळ आहे आणि तंबाखू-मिश्रीवर ती अर्धी ओळही नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे चहाच्या चमच्याने सपाट एक चमचा. आमच्याकडे खर्डा, लोणचं आणि ताटातलं वरचं मीठ धरलं तर तेवढं एका जेवणात जात असेल. अक्रोडाऐवजी हे लिहायला हवं होतं.

पुढच्या महिन्यात २९ ऑक्टोबरला जागतिक पक्षाघात दिन आहे. तेव्हा तरी पानभर द्या, आणि त्यावर जाहिरात नको.

जाहिरातीचं मुद्दाम लिहिते. कालच्या लेखाच्या मागच्याच पानावर ‘लकवा मुळापासून बरा करणारे तेल’ अशी जाहिरात आहे. लकवा, हृदयरोग, रक्तदाब, मधुमेह बरा करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींवर १९५४च्या कायद्याने बंदी आहे. त्या कायद्याच्या यादीत हे आजार नाव घेऊन दिले आहेत. तुमच्या जाहिरात विभागाला ती यादी एकदा वाचायला द्या.

दादा आता काठी घेऊन अंगणापर्यंत चालतो. फिजिओथेरपीला तालुक्याला जायचं तर आठवड्यातून दोनदा रिक्षा करावी लागते. गेल्या दिवाळीपासून वहिनीने ते बंद केलं आणि त्या पैशांत याच तेलाच्या बाटल्या मागवते. रोज सकाळी चोळते. मी पुष्कळ समजावलं. ती कात्रण काढून दाखवते आणि म्हणते, “वन्सं, पेपरात आलंय.”

– एक निवृत्त शिक्षिका, ता. वाळवा, जि. सांगली