नांदूरमध्यमेश्वरच्या काठावर शांतता हवी

माननीय संपादक,

गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळील बंधाऱ्यामुळे तयार झालेले निफाड तालुक्यातील नांदूरमध्यमेश्वर २०२० मध्ये राज्यातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरले, याचा आम्हा नाशिककरांना अभिमान आहे. गेल्या रविवारी सकाळी पाणवनस्पतींच्या पानांवर लांबलचक बोटे टेकवत चालणारा कमळपक्षी दुर्बिणीत नुकताच स्थिरावला होता, तोच काठावरच्या एका मोटारीत मोठ्याने गाणी सुरू झाली आणि चक्रवाकांचा अख्खा थवा उडाला. हिवाळ्यापुरत्या आलेल्या या पाहुण्यांना असे उठवलेले पाहून जीव हळहळतो. सहलीला जरूर यावे, मुलांना तर आणावेच. पण वाहने काठापासून दूर ठेवावीत, स्थानिक मार्गदर्शक सोबत घ्यावा आणि सुट्टीच्या दिवशी तेथील गस्त वाढवावी, ही कळकळीची विनंती.

– एक पक्षीप्रेमी, नाशिक