बांगड्याचं खरं नाव दाखवणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सा. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात प्रबंध विद्यापीठात जमा केला. ऋणनिर्देशाच्या पानावर तुमच्या वाट्याला जेमतेम दीड ओळ आली. छापून आल्यावर ती वाचली आणि मन खट्टू झालं. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. तुमचं नाव घालत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही हे ठाऊक आहे.

चार वर्षांपूर्वी जून महिन्यात मालवणहून एसटीने गोव्याला तुमच्या ग्रंथालयात आले, तेव्हा पिशवीत जुन्या शोधनिबंधांच्या झेरॉक्सचा गठ्ठा होता. बांगडा आणि पापलेट, एवढाच माझा विषय. पण प्रत्येक कागदावर शास्त्रीय नाव वेगळं. कुठे स्कॉम्बर कानागुर्ता, कुठे रास्ट्रेलिजर कानागुर्ता. हे दोन मासे की एकच, हेही मला सांगता येत नव्हतं. तुम्ही खुर्ची ओढून शेजारी बसलात आणि वर्म्स उघडलंत. सागरी जीवांच्या नावांची ही जागतिक नोंदवही बेल्जियममधल्या ऑस्टेंडला सांभाळली जाते, तिच्यात प्रत्येक नावाला स्वतःचा क्रमांक असतो आणि जुनं नाव टाकलं की आजचं मान्य नाव समोर येतं, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. दोन्ही नावं एकाच बांगड्याची निघाली. 'कानागुर्ता' हा शब्द मुळात विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावरचा तेलुगू शब्द आहे हे तुम्ही सांगितलंत तेव्हा अंगावर काटा आला होता. कुठल्या तरी कोळ्याच्या तोंडचं नाव दोनशे वर्षांहून जास्त काळ जगभरच्या पुस्तकांत वावरतंय!

मग फिशबेस, म्हणजे जगभरच्या माशांच्या माहितीचं संकेतस्थळ, उघडून बांगड्याच्या पानावरचं मराठी नाव दाखवलंत. ते पान मी घरी बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं.

पापलेटचा गुंता त्याहून मोठा होता. 2023 मध्ये तो महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. वर्षानुवर्षं त्याला पाम्पस अर्जेंटियस म्हणत आलो. पण भारतातल्या संशोधकांनी डीएनए तपासून आपल्याकडचा पापलेट पाम्पस कँडिडस असल्याचं दाखवलं. जुन्या याद्यांमधला 'अर्जेंटियस' डोळे झाकून मोजायचा नाही, नमुना कुठून आला ते आधी बघायचं, हे तुम्ही सांगितलं नसतं तर माझं दुसरं प्रकरण सगळंच चुकलं असतं.

ओबिसचं तर काय सांगू. जगभरच्या सागरी जीवांच्या नोंदी एका जागी, कोणालाही खुल्या. मी आनंदाने नोंदी उतरवून घेतल्या, त्यांत माझ्या स्वतःच्या जोडल्या आणि तक्ता तुम्हाला पाठवला. तुम्ही एवढंच लिहिलंत, 'आधी नकाशावर टाकून बघ.' टाकले तर माझे सगळे बांगडे नॉर्वेच्या उत्तरेला! अक्षांश आणि रेखांशाचे रकाने माझ्याच हातून उलटे भरले गेले होते. ते सुधारल्यावर दुसरी गोष्ट दिसली. आमच्या मालवणसमोर ठिपके अगदी विरळ. मी लिहून टाकलं होतं, 'इथे प्रमाण कमी.' तुम्ही त्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारलीत आणि विचारलंत, 'कमी मासे की कमी नोंदी?' बाबांची रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, त्या आठवड्यात बांगड्याने भरून आली होती.

सगळ्यात जास्त ऋण आहे ते आर्गोच्या प्रकरणाचं. आर्गो हा समुद्र मोजण्याचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प, जगातल्या समुद्रांत त्याची सुमारे 4000 यंत्रं तरंगत असतात. 1000 मीटर खोलीवर वाहत राहायचं, दर 10 दिवसांनी 2000 मीटरपर्यंत उतरायचं, वर येताना तापमान आणि क्षारता मोजायची आणि माहिती उपग्रहाकडे पाठवायची, असा त्यांचा क्रम. भारताच्या यंत्रांची माहिती हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्रमाहिती केंद्रात तपासली जाते. किनाऱ्याचा उथळ पट्टा सोडून पलीकडच्या खोल पाण्यातलं एक यंत्र मी निवडलं होतं. त्याची क्षारता महिन्यामागून महिना खाली जाताना दिसली आणि मी हरखून गेले. हिवाळ्यात बंगालच्या उपसागराचं कमी खारं पाणी दक्षिणेला वळसा घालून पश्चिम किनाऱ्याने वर सरकतं, ते इतक्या लांब पोचलं असणार, असं धरून मी अर्धं प्रकरण लिहूनही टाकलं.

रात्री साडेनऊला तुमचा फोन आला. '1500 मीटरवर काय दिसतंय?' बघितलं. तिथेही क्षारता तशीच उतरत होती. तुम्ही शांतपणे म्हणालात, 'तिथलं पाणी इतक्या घाईने बदलत नाही गं. पाणी नाही, यंत्र बदललंय.' संवेदकावर जैविक थर साचला की क्षारता खरी असते त्याहून कमी दिसते. मग फोनवरच एकेक रकाना वाचायला लावलात. प्रत्येक नोंदीला दर्जाची खूण असते, 1 म्हणजे चांगली नोंद, 4 म्हणजे वाईट. फाइलच्या नावाच्या सुरुवातीला 'आर' असेल तर माहिती लगेच पाठवलेली, 'डी' असेल तर माणसांनी नंतर बसून तपासलेली आणि लागेल तिथे दुरुस्त केलेली. माझ्या सगळ्या फाइली 'आर' होत्या. फोन ठेवल्यावर रडले, हे आज सांगते. पण ते अर्धं प्रकरण छापून जगासमोर गेलं असतं तर?

नंतरचं सोपं झालं. खोलीसाठी जेबको हा समुद्रतळाचा जागतिक नकाशा, आणि समुद्रपातळीसाठी मुंबईच्या अपोलो बंदरावरची 1878 पासूनची मोजणी, लिव्हरपूलच्या संग्रहातली. कुठल्याही आकड्यापुढे आता हात आपोआप थांबतो. कोणी मोजलं, कशाने मोजलं, नंतर कोणी तपासलं, हे बघितल्याशिवाय पुढे जातच नाही.

एक गोष्ट तुम्हाला कधी बोलले नाही. आमच्या बंदरावर लहानपणापासून एक माणूस वही घेऊन येताना बघत आले. किती होड्या आल्या, कशाच्या किती टोपल्या, विचारून लिहून घ्यायचा. बाबा सांगायचे आणि आम्ही पोरं त्याच्या वहीत डोकावायचो. मासळीच्या उतारणीचे आकडे अशाच वह्यांमधून केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेकडे जातात, हे तुम्ही एकदा चहा घेताना सहज बोलून गेलात. माझ्या प्रबंधातल्या तक्त्यांत आमच्या घरच्या टोपल्या असतील, हे मला त्या दिवशी कळलं.

आता त्या जागी नवा मुलगा येतो. मागच्या महिन्यात दोन सकाळी त्याच्याबरोबर बंदरावर बसले. बारका तारला आणि मोठा तारला त्याने वेगळे लिहिले की नाही, तेच बघत होते. त्याने लिहिले होते.

प्रबंधाची एक प्रत टपालाने पाठवते आहे. पान 112 वरचा क्षारतेचा तो आलेख आता 'डी' फाइलींवरून काढलाय, तेवढा बघा. आणि पाऊस संपला की मालवणला या. बाबा रोज विचारतात, 'तुझी ती गोयची बाई कधी येतली?'

तुमची,
मालवणची विद्यार्थिनी