मूट मराठीतही भरू द्या : उच्च शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

स. न. वि. वि.

मी तालुका न्यायालयात वकिली करतो. वर्षातून एकदा एका विधी महाविद्यालयात अभिरूप न्यायालयाचा, म्हणजे विद्यार्थी वकील होऊन लढवतात त्या सरावाच्या खटल्याचा, पोरांच्या भाषेत 'मूट'चा, परीक्षक म्हणून जातो. गेल्या खेपेला एक मुलगी उभी राहिली. इंग्रजी भाषण पाठ केलेलं, दर वाक्याला 'माय लॉर्ड'. (आमच्याकडे कोर्टात 'साहेब' किंवा 'मॅडम' म्हणतात, पण ते असो.) मी मध्येच विचारलं, "जमिनीचा ताबा तुमच्या अशिलाकडे आहे, हे कशावरून?" ती गडबडली, कागद चाळू लागली. मग हळूच म्हणाली, "सर, मराठीत सांगू?" सातबाऱ्यावरची पीकपाहणी, फेरफाराची तारीख, लगतच्या शेतकऱ्याचं प्रतिज्ञापत्र हे सगळं तिनं दोन मिनिटांत असं मांडलं की मला पुढचा प्रश्न सुचेना. गुणपत्रिकेत मात्र इंग्रजीसाठी वेगळा रकाना होता. तिथे ती मागे पडली.

कायद्याच्या शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांत मूटला जागा आहे. विद्यार्थ्यानं वर्षात किमान तीन मूट करायचे, प्रत्येकी दहा गुण. पाच लेखी मांडणीला, पाच तोंडी युक्तिवादाला. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात तिन्ही मूट एकाच दुपारी उरकलेले मी पाहिलेत. लेखी मांडणी आदल्या बॅचकडून येते, वरचं नाव तेवढं बदलतं. परीक्षकही भाषण संपेपर्यंत गप्प बसतो, कारण रांगेत अजून चाळीस जण असतात.

खरं शिक्षण तर त्या मध्येच आलेल्या प्रश्नात असतं. नवा वकील पहिली दोन-तीन वर्षं तारखा मागतो आणि पुरसीस, म्हणजे कोर्टाला द्यायचं छोटं लेखी निवेदन, देतो. मग एके दिवशी सीनियर दुसऱ्या कोर्टात अडकतात, निशाणी ५ वर, म्हणजे तूर्तातूर्त मनाईच्या अर्जावर, पुकारा होतो आणि साहेब म्हणतात, "तारीख मिळणार नाही, तुम्हीच चालवा." प्रथमदर्शनी प्रकरण, सोयी-गैरसोयीचा समतोल, भरून न येणारं नुकसान हे तीन मुद्दे पुस्तकातून कुणालाही पाठ असतात. पण साहेब पहिल्याच मिनिटाला तिसऱ्या मुद्द्यावर अडवतात, तेव्हा ठरवून आणलेला क्रम सोडायचा, कोणता कागद कितव्या पानावर आहे ते सांगायचं, जिथे आपली बाजू लंगडी आहे तिथे तसं कबूल करून उरलेलं वाचवायचं. ही सवय अंगात मुरावी लागते. मूटमध्ये आपल्याला न पटणारी बाजूही वाट्याला येते आणि ती लढवताना समोरच्याचं बळ कुठे आहे ते कळतं. मूटमध्ये साक्षीदार नसतो, त्यामुळे उलटतपास काही तिथे शिकता येत नाही, हेही मान्य करतो.

आता भाषेचं. राज्य शासनानं १९९८ साली खालच्या न्यायालयांची भाषा मराठी ठरवली. आमच्याकडे दावा, कैफियत, जबाब, पंचनामा बहुतेक मराठीतच असतात. विद्यार्थी मात्र पाच वर्षं इंग्रजीत अपिलाचे युक्तिवाद घोकतो आणि सनद घेऊन येतो तो मराठी फाइलपुढे. इंग्रजी काढून टाका, असं मी म्हणत नाही. उच्च न्यायालयाची भाषा घटनेच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे इंग्रजी आहे. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला त्याचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, बसतं. सांगली-साताऱ्याच्या, सोलापूरच्या, कोकणातल्या दोन जिल्ह्यांच्या पोरांना तिथे उभं राहायचं आहे. दोन्ही भाषा हव्यात. तीनपैकी एक मूट मराठीत झाला, तर कुणाचं काय बिघडणार आहे?

अभ्यासक्रमाची चौकट बार कौन्सिलची आहे, हे ठाऊक आहे. पण विद्यापीठांशी बोलणं आणि पैसा देणं तुमच्या हातात आहे. दरवर्षी एक राज्यस्तरीय मराठी मूट भरवावा. त्याची फाइल खऱ्या खटल्यासारखी असावी, नावं बदलून सातबारा, फेरफार, नोटिसा, पोचपावत्या सगळं लावलेलं. निवृत्त जिल्हा न्यायाधीशांना मानधन देऊन प्रश्न विचारायला बसवावं. ते फुकट येतीलही, पण फुकट आलेल्याला दिवसभर बसवून घेता येत नाही. आणि आडगावच्या महाविद्यालयांतल्या संघांना एसटीचं भाडं आणि दोन रात्रींची राहण्याची सोय द्यावी. आज कित्येक संघ तेवढ्यासाठी नाव नोंदवत नाहीत.

ती मुलगी आता शेवटच्या वर्षाला आहे. राज्यस्तरीय स्पर्धेला वेळ लागेल, हे समजू शकतो. पण पुढच्या फेरीला मी परीक्षक म्हणून बसेन तेव्हा माझ्यापुढच्या गुणपत्रिकेत तो इंग्रजीचा रकाना नसावा, एवढं एक परिपत्रक काढून नक्की करता येईल.

आपला,
एक तालुका वकील