जवसाचं तेल आणि पन्नासातल्या अकरा

वरुड,
रविवार, १२ जानेवारी २०२५

प्रिय बाळ्या,

दिवाळीचं तुझं पत्र अजून टेबलावर आहे, पाण्याच्या तांब्याखाली. अडीच महिने होत आले. शिव्या दे, पण आधी पत्र पुरतं वाच, कारण हे घरात कोणाला सांगून उपयोग नाही. सांगून पाहिलं. उत्तर आलं, "बंदूक नाही वाजली तं बरंच झालं न!" आता बोल.

माझा गुडघा आहे तसाच. शुगर आहे तेवढीच. झालं.

ब्रनोने, माझ्या रायफलीने, दगा दिला बे. म्हणजे दिला असं वाटलं. मॉडेल टू, तात्याजींच्या नजरेखालून घेतलेली, जिच्यावर तू "तुझ्यापेक्षा हिचा भरवसा जास्त" म्हणायचास, तीच. डिसेंबरात रेंजवर पन्नास काडतुसांचा डबा फोडला, आणि पन्नासातल्या अकरा नाही उडाल्या. घोडा ओढला की नुसतं "टक". फट् नाही, धूर नाही, टक. सत्तावीस वर्षांत या रायफलीचे फुसके बार दोन हातांच्या बोटांवर मोजता येतील, आणि ते सगळे काडतुसाच्या माथी मारता येण्यासारखे होते.

पहिला संशय अर्थातच काडतुसांवर. तुला ठाऊक आहे, हिला लागतं त्या रिमफायरच्या काडतुसाला मध्ये टोपी नसते. पेटायचा मसाला बुडाच्या पोकळ कडेत गोल फिरवून बसवलेला असतो, आणि घोडा ओढला की सुटणारी पिन ती कड चेचते तेव्हा तो पेटतो. मसाला कुठे कमी पडला, कुठे भेगाळला, आणि पिन नेमकी तिथेच बसली, की टक. म्हणून न उडालेलं प्रत्येक काडतूस आधी तसंच चेंबरात, नळीच्या मागच्या त्याच्या जागी, राहू दिलं, नळी टार्गेटकडेच, मनात तीसपर्यंत मोजून (उशिरा पेटलं तर बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा दांडा, उघडलेला नको), मग काढून कागदावर रांगेत मांडलं. अकराच्या अकरा. चष्मा लावून खुणा पाहिल्या. दहांवर पिनेची खूण उथळ, नखाने नुसती जाणवेल इतकी. एकावर मात्र खोल, चौकोनी, स्वच्छ ठसा. ते एक काडतूसच खराब. मसाला नव्हताच तिथे. बाकी दहांचा दोष काडतुसाचा नव्हता. बुड थोडं फिरवून पुन्हा घातले, त्यातले सात दुसऱ्या ठोक्याला उडाले, तीन तिसऱ्याला.

दुसऱ्या ठोक्याला उडतं याचे दोन अर्थ. एक, चेंबरात मेण-काजळी साचल्याने काडतूस पुरतं बसत नाही. पहिल्या ठोक्याचा जोर त्याला आत ढकलण्यातच जातो आणि दुसरा ठोका खरा बसतो. दोन, ठोकाच मरतुकडा. बोल्ट काढून काडतूस अंगठ्याने आत सरकवून पाहिलं, कड अगदी शेवटपर्यंत टेकली. चेंबर साफ. म्हणजे ठोका.

आणि आता ती गोष्ट, जी ऐकून तू मांडीवर थाप मारशील. पहिल्या वीस गोळ्या सकाळी साडेसातला, काकडत. त्यांत आठ टक. पुढच्या तीस सावकाश, मध्ये चहा, मध्ये गप्पा, अकरा वाजता संपल्या. त्यांत तीनच. काडतूस काय घड्याळ पाहून फुटतं? उन्हाने बोल्ट तापला तशी पिन मोकळी होत गेली. आत काहीतरी गोठत होतं, बाळ्या.

तरी मला स्प्रिंगच वाटली. माणूस असा गाढव असतो. रेंजवरच्या एकाने सल्लाही दिला, स्प्रिंग जरा ताणून घ्या नाहीतर मागे वायसर घाला. ताणलेली स्प्रिंग चार दिवस जोर करते आणि मग आधीपेक्षा ढिली पडते. वायसर घातलं तर वेटोळी एकमेकांवर बसून पिनेची चालच तोकडी होते. शिवाय जोर वाढवून पिन आत जास्त घुसायला लागली तर रिकाम्या चेंबरवर एखाद्याने घोडा ओढला की कडेवर घाव. (एखाद्याने म्हणजे तुझ्या पुतण्याने. १९९९. मी विसरलेलो नाही. चेंबरच्या कडेवरचा तो टिकला अजून आरशात दिसतो. काडतूस अडत नाही म्हणून तू वाचलास.)

घरी आणली. मॅगझीन काढलं, बोल्ट उघडून चेंबरात करंगळी घातली, मग घोडा दाबून धरून बोल्ट मागे ओढून बाहेर. दिव्याखाली धरला तर पिनेच्या खाचेत तपकिरी काहीतरी. मला वाटलं जुनं ग्रीस. नखाने खरवडलं तर सालपट निघालं, उघड्या राहिलेल्या रंगाच्या डब्यावर साय धरते ना, तसं. वास घेतला. जवस!

हस बाबा, हस. "तेल थेंबाने लावायचं असतं, तू वाटीने वाढतोस", हे तू तात्याजींच्या ओसरीवर किती वेळा म्हणालास आणि आपण किती वेळा भांडलो. पण इथे वाटीचा प्रश्न नव्हता, बाटलीचा होता. रायफलीच्या लाकडी दस्त्याला लावायचं जवसाचं तेल आणि शिवणयंत्राचं तेल, दोन्ही खोकल्याच्या औषधाच्या एकसारख्या बाटल्यांत. दसऱ्याला, १२ ऑक्टोबरला, पूजेची घाई, चष्मा देवघरात. दस्त्याला जे चोळायचं ते बोल्टात सोडलं, तेही सढळ हाताने. जवस लाकडाला सोनं आहे: तळव्यावर चार थेंब, गरम होईपर्यंत चोळायचं, दुसऱ्या दिवशी कोरड्या फडक्याने पुसायचं. पण ते सुकतं म्हणजे उडून जात नाही. हवा खाऊन घट्ट होतं. पातळ थर असेल तर कातडं धरतं, आणि पिनेच्या खाचेसारख्या बंद जागी अर्धवट राहून डिंक होतं. मशीनचं तेल वर्षभर तेलच राहतं. एवढाच फरक, पण पिनेला विचार.

बरं, चार दिवसांनी वापरली असती तर कळलं असतं. तर १५ तारखेला विधानसभेची आचारसंहिता लागली, पाठोपाठ रायफल ठाण्यात जमा करायचा निरोप. दिली. २३ नोव्हेंबरला निकाल, हातात आली डिसेंबर लागल्यावर. दीड महिना लोखंडी कपाटात उभी, आतल्या आत जवस पिकत होतं. जमा करताना मी नळीत तेलाचा हात दिला, बाहेरून पुसली, पावतीवर नंबर ताडून पाहिला, सगळं केलं, आणि बोल्टात काय आहे ते पाहिलं नाही. तूही पुढच्या वेळी जमा करशील तेव्हा नळी खाली करून ठेवायला सांग. दस्त्यावर उभी राहिली की सगळं तेल ओघळून बोल्टात आणि लाकडात उतरतं.

आणि कुंकू. ते तर वेगळंच पाप. पूजेत कुंकवाचं ओलं बोट रिसीव्हरवर, बोल्ट सरकतो त्या लोखंडी घरावर, टेकवलं होतं. तिथे आता मुगाएवढा गंजाचा डाग. तात्याजी कुंकू नेहमी दस्त्याला लावायचे, लोखंडाला फक्त फूल दाखवायचे, आणि आपण त्यांना नास्तिक म्हणायचो. डाग तेलात भिजवलेल्या बारीक स्टील वूलने हलकेच घासला, लोखंडावरची निळाई थोडी गेली. राहू दे.

साफ कसं केलं ते लिहितो, कारण तुझ्या रायफलीतही तू काय घालतोस देव जाणे. आधी बोल्ट रात्रभर रॉकेलमध्ये ठेवला. काही नाही. ओलं जवस रॉकेलने निघतं, पिकलेलं ढिम्म हलत नाही. मग रंगवाल्याकडून एनसी थिनर आणला, अंगणात बसून (घरात नको, डोकं चढतं, आणि चूल पेटती असेल तर विचारूच नकोस), बोल्ट स्टीलच्या वाटीत बुडवला, अर्ध्या तासाने जुना टूथब्रश आणि बांबूची तासलेली काडी. लोखंडी टोकदार काही नाही. दोनदा थिनर बदलला. तिसऱ्या वेळी थिनर पांढरा राहिला तेव्हा थांबलो. हा थिनर दस्त्याला लागला तर पॉलिश उतरवतो, म्हणून रायफल आत खुंटीला आणि बोल्ट बाहेर ओट्यावर. काडतूस बाहेर ओढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या दोन्ही आकड्यांखाली काळं मेण होतं, ते दातकोरणीने. मग उन्हात वाळवला, सुईच्या टोकावर एक थेंब मशीनचं तेल पिनेला, आणि तोही पुसून घेतला. हँडलच्या मुळाशी, जिथे घासतं तिथे, मोहरीएवढं ग्रीस. पिनेची खाच जवळजवळ कोरडीच. तू म्हणायचास तशीच. घे, लिहून दिलं.

नळीला हात लावला नाही. शिशाच्या गोळीला वरून मेण असतं, नळी आपली आपण एक थर धरते आणि त्या थरावरच ती नीट मारते. दर वेळी खरवडून तिचा मूड बिघडवायचा नाही. फक्त जमा करताना दिलेलं तेल काढायला मागून, चेंबरच्या बाजूने, दोन कोरड्या चिंध्या. तोंडाकडून गज कधीच नाही. तोंडाची कड एका बाजूने झिजली की गोळी तिकडेच जाते, मग नेमाला दोष देत बसा.

गेल्या रविवारी सकाळी, मुद्दाम साडेसातलाच, धुकं असतानाच गेलो. पहिल्या पाच तेलकट नळीच्या होत्या, वर उजवीकडे गेल्या. त्या धरत नाही. मग पन्नास मीटरवर पाच-पाचचे गट. पन्नासच्या पन्नास उडाल्या, बाळ्या. एकही टक नाही. तिसरा गट जुन्या रुपयाच्या नाण्याखाली झाकला. नाणं ठेवून पाहिलं, कागद इथे पाकिटात घातलाय. उघड्या माशीवर, दुर्बीण नाही, साठीचे डोळे. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकला याच अंतरावर कांस्य आणलं तेव्हा तू फोन करून म्हणालास, आपली ब्रनो असती तर? आपली ब्रनो असती तर तो अडतिसावा आला असता आणि मी एकशे अडतिसावा. पण ब्रनोची चूक नसती.

खोल ठशाचं ते एक काडतूस क्लबात जमा केलं. उकिरड्यावर टाकायचं नसतं हे तुला सांगायला नको, पण तुझ्या शेजाऱ्याने काय केलं होतं ते आठव.

शेजाऱ्यावरून. तुरीत डुकरं घुसलीत, आणि पाटलाचा पोट्टा रोज येतो, काका एक मारा न. त्याला हिशेब सांगितला: चाळीस ग्रेन गोळी, म्हणजे अडीच ग्रॅमच्या जरा वर, ताकद एकशेचाळीस ज्यूल. रानडुकराला त्याने मरण येत नाही, जखम होते, आणि जखमी डुक्कर पहाटे कापूस वेचायला आलेल्या बाईला भेटतं. शिवाय १९७२चा वन्यजीव कायदा, शिवाय परवान्यावर लिहिलंय नेमबाजीचा सराव. झटका तार लाव म्हटलं. तोंड वाकडं करून गेला.

नात बसायला लागली का? वहिनींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं असेलच, थेंब वेळेवर घालायला सांग. पुण्यात पोरगा फ्लॅट बदलतोय म्हणालास, नवा पत्ता कळव, मी जुन्यावरच पाठवतोय.

आणखी एक, तुझ्याशीच बोलायचं होतं. शस्त्रांच्या २०१६च्या नियमांत आहे, पंचवीस वर्षं शस्त्र आपल्याजवळ असलं किंवा वयाला सत्तर झाली, यातलं जे आधी होईल तेव्हा आपण सांगू त्या वारसाला परवाना मिळू शकतो. पंचवीस होऊन गेली. पोरगा म्हणतो, मला नको बाबा, पोलीस स्टेशनच्या चकरा कोण मारेल. पोरगी म्हणते द्या. क्लबात ती माझ्याहून शांत मारते, श्वास अर्धा सोडून थांबते, घोडा ओढताना बोटाचं पेर हलत नाही. पण तिचं सासर यवतमाळचं, आणि तिथे रायफल म्हटल्यावर काय चेहरे होतात ते तू लग्नात पाहिलेस. अर्ज भरून ठेवलाय, सही केलेली नाही. २०१९ला शस्त्रांची तीनाची मर्यादा दोनावर आली तेव्हा तू तुझी बारा बोअर बंदूक दिलीस, परत येताना बसमध्ये एक शब्द बोलला नाहीस. तेव्हा मी तुला चिडवलं होतं. आता नाही चिडवणार. कसं दिलंस ते सांग.

दोन्ही बाटल्यांना आता लेबल लावलंय. जवसाच्या बाटलीवर तुझं नाव लिहिलं.

आणि तात्याजींचा तो पितळी जॅग, नळी पुसायचा, तुझ्याकडेच आहे. १९९८पासून. प्लास्टिकचा परवा मोडला. संक्रांतीला येत नाहीसच, तर निदान तो पाठव.

तुझा,
बंड्या