तुझ्या टेबलावरची आठ पुस्तके

पुणे,
१८ ऑगस्ट

चि. सावनीस,
अनेक आशीर्वाद.

टेबलावरची आठ पुस्तके ग्रंथालयात परत करायला तू जाताना सांगितले होतेस. ती मी परत केलेली नाहीत. पिशवी भरून टिळक रस्त्यापर्यंत नेली खरी, परंतु तेथे तारीख वाढवून घेतली आणि सगळी पुन्हा घरी आणली. कारण ज्यांच्यासाठी तू रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागत होतीस आणि ज्यांच्यासारखी तुझी पुस्तके दहावीच्या वर्षी मी कपाटात कुलूप लावून ठेवली होती, त्या अद्भुतकथांच्या आणि विज्ञानकथांच्या पुस्तकांत काय आहे हे एकदा स्वतः वाचावे असे फार वाटू लागले. आजवर सहा वाचून झाली आहेत.

प्रारंभ उर्सुला ल ग्विन यांच्या १९६८ सालच्या जादूगाराच्या कादंबरीने केला. त्या बेटांच्या जगात प्रत्येक वस्तूला एक खरे नाव असते आणि ते ज्याला ठाऊक असेल त्याची त्या वस्तूवर सत्ता चालते. मात्र साधा खडा बदलला तरी साऱ्या जगाचा तोल हलतो, म्हणून जाणता जादूगार होईल तितकी जादू टाळतो. वाचता वाचता मला आजी श्रावणात वाचायची त्या कहाण्या आठवल्या. तेथेही वसा मिळण्यापूर्वी ‘उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही’ असे कबूल करावे लागते, आणि जी राणी मातते तिचे वैभव जाते. अद्भुत मला परके नव्हतेच, सावनी. वेगळ्या वेशात दारात आले, तेव्हा मी ते ओळखले नाही.

त्यानंतरच्या जाड कादंबरीने मात्र निराशा केली. चारशे पाने संकट वाढवत नेल्यावर, आधी कोठेही उल्लेख नसलेला मंत्र शेवटच्या प्रकरणात नायकाला आठवतो. ही वाचकाची फसवणूक आहे असे माझे स्पष्ट मत आहे. तुझे वेगळे असल्यास मला सविस्तर लिही.

विज्ञानकथांच्या बाबतीत तर मी अधिकच कठोर झाले आहे. एका पुस्तकात मंगळावरचा माणूस पृथ्वीवरच्या पत्नीशी समोरासमोर बसल्यासारखा बोलतो. मंगळ अगदी जवळ असतानाही प्रकाशाला तेथून येथे यायला तीन मिनिटांहून अधिक वेळ लागतो, आणि तो दूर गेला की बावीस मिनिटांच्या आसपास. म्हणजे प्रश्न आणि उत्तर मिळून जवळजवळ पाऊण तास. दुसऱ्या संग्रहातल्या एका कथेने नेमका हाच पाऊण तास धरला आहे. तिच्यातली आई प्रश्न पाठवते, स्वयंपाकाला लागते, आणि मुलाचे उत्तर येते तेव्हा तिचे विचारणेच बदललेले असते. ती कथा मी सलग दोनदा वाचली. तुझा फोन लागत नाही त्या संध्याकाळी मला तीच आठवते.

सहावे पुस्तक जयंत नारळीकरांचे ‘यक्षांची देणगी’. विज्ञान दिनी आपण आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत गेलो होतो, तेव्हा तू त्यांच्याविषयी किती बोलत होतीस! मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ सालच्या कथास्पर्धेसाठी त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती. स्वतःच्या नावाची आद्याक्षरे त्यांनी उलटी केली होती, कारण आपल्या कीर्तीचा परीक्षकांवर प्रभाव पडू नये अशी त्यांची इच्छा होती. कथेला पारितोषिक मिळाले. विश्वरचनेवर जगभर मान्यता पावलेल्या माणसाला मराठीत गोष्ट लिहिणे आणि ती अनोळखी म्हणून तपासून घेणे इतके मोलाचे वाटले. तीच गोष्ट वाचणाऱ्या मुलीला मी वेळ वाया घालवतेस असे म्हणत होते. त्याबद्दल मला खरोखर वाईट वाटते.

उरलेल्या दोनांपैकी एक मालिकेचा दुसरा भाग आहे आणि पहिला सध्या दुसऱ्या सभासदाकडे आहे. तो मी नोंदवून ठेवला आहे. तोवर त्यात पुढे काय होते ते सांगू नकोस. गणपतीत येशील तेव्हा कपाटातली जुनी पुस्तकेही काढून ठेवलेली असतील. किल्ली आता तुझ्या टेबलाच्या खणात आहे.

तुझी,
आई