बाबांची कुजबुज ऐकणाऱ्या ताईंना

साउंडवाल्या ताई, सप्रेम नमस्कार.

नाव मुद्दाम लिहीत नाही. तसंही गावात तुम्हाला अजून 'कानावाली बाई'च म्हणतात, त्या मोठ्या हेडफोनमुळे.

तुमची फिल्म कंपनी म्हणजे मोजून तीन माणसं. मालकच कॅमेरा धरणार आणि रात्री गाडीही तोच चालवणार. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला नाटक कंपन्यांचे बोर्ड बघत वाढलेल्या आम्हाला ही कसली कंपनी, असंच वाटलं. कुठल्या चॅनेलचा पैसा पाठीशी नाही, आधी फिल्म करायची आणि मग विकत घेणारा शोधायचा, हे ऐकून बाबा म्हणाले, "मंग ह्यायचं बी आपल्या धानावानीच हाये जी!"

खरं सांगायचं तर आम्ही सावध होतो. 2023 मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, झाडीपट्टी रंगभूमीचं, म्हणजे पूर्व विदर्भातल्या आमच्या गावोगावच्या नाटकांचं, नाव बाहेर गेलं. त्याच्या आधी एका चॅनेलची माणसं आमच्या गावच्या नाटकाला येऊन गेली होती. अर्धा तास थांबली, लावणी तेवढी टिपली आणि गेली. टीव्हीवर तीच लावणी, खाली एक घाणेरडी ओळ. पहाटेपर्यंत पदरानं डोळे पुसत बसलेल्या बायका नाहीत, शंकरपटाला, बैलांच्या शर्यतीला, आलेले पाहुणे नाहीत. त्या नटीचा मुलगा आठ दिवस शाळेत गेला नाही.

तुम्ही आलात आणि पहिल्याच रात्री मंचाकडे पाठ करून बाबांजवळ बसलात.

बाबा पंचवीस वर्षं प्रॉम्प्टर आहेत. दिवाळीपासून होळीपर्यंत रोज नवं गाव, तालमीला वेळ कुठला? नटाची भिस्त प्रॉम्प्टरवर. जुन्या नटाला दोन शब्द पुरतात, नवख्याला अख्खं वाक्य द्यावं लागतं, तेही त्याचा श्वास संपायच्या आत. टाळ्या पडल्या की थांबायचं. आवाज नटाला पोचला पाहिजे, पहिल्या रांगेला नाही. तुम्ही माईक लावायला आलात तेव्हा बाबा लाजलेच. "माहा आवाज कोनाले आयकू येऊ नये मनून त जन्म गेला, बाई. तुमी काहाले आयकता?"

पहिल्या रात्री नुसती मफलरची खसखस आली. दुसऱ्या रात्री तुम्ही माईक स्वेटरच्या आत टेप लावून चिकटवला, पोरांना हाताशी धरून जनरेटर शाळेमागे ओढत नेला. सकाळी रिकाम्या मंडपात सगळ्यांना एक मिनिट गप्प उभं केलंत. या शांततेचाही आवाज लागतो, दोन वाक्यं जोडताना मध्ये भरायला, असं समजावलंत. तेवढ्यात कोंबडा आरवला. आता ही बाई चिडणार, असं वाटलं, तर तुम्हीच हसलात आणि पुन्हा एक मिनिट घेतलंत.

फिल्म कुणाला दाखवायच्या आधी तुम्ही ती आमच्या शाळेच्या पटांगणात, चादरीवर दाखवलीत. काय नको ते सांगा, म्हणालात. एका नटीला मेकअपच्या खोलीतला स्वतःचा शॉट नको होता. तो आज फिल्ममध्ये नाही. कॅमेरावाल्या दादांचा तो आवडता शॉट होता, त्यांचा चेहराच सांगत होता. त्यांचेही आभार.

आणि मग अंधारात बाबांची कुजबुज सुरू झाली. नट दिसतच नाही, फक्त बाबांचा आवाज, आणि अर्ध्या श्वासानंतर तेच वाक्य मंचावरून गरजत येतं. शेजारच्या काकू ओरडल्या, "अगे बापा, हे त मास्तर होत!" आई काहीच बोलली नाही. लग्नाला तीस वर्षं झाली, पण बाबा नाटकात नक्की काय करतात हे तिनं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

सगळ्या रेकॉर्डिंगची हार्ड डिस्क तुम्ही मंडळाला दिलीत, ती गोदरेजच्या कपाटात पूजेच्या भांड्यांशेजारी आहे. फिल्म अजून कुठल्या चॅनेलनं घेतली नाही, हे दादांकडून कळलं. वाईट वाटलं.

भाऊबीजेनंतर मंडई, आमच्या गावची जत्रा, आहे, तिघंही या. आणि हो, माईकची ती छोटी काळी क्लिप बाबांच्या स्वेटरला तशीच राहिली. मी काढायला गेलो तर देईनात. तुम्हाला लागणार असेल तर तुम्हीच मागा.

तुमचा,
प्रॉम्प्टर मास्तरांचा मुलगा