टेम्पोवाल्या दादांचे आभार

नारायण पेठेतलं दुसऱ्या मजल्यावरचं घर सोडून आम्ही दोघं गेल्या रविवारी कोथरूडला, लिफ्ट असलेल्या इमारतीत राहायला आलो. ह्यांचं वय ७८, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. तीन महिने आवराआवर केली, आणि ऐन दिवशी ठरवलेले सामान हलवणारे आलेच नाहीत. फोनही बंद. ४६ वर्षांचा संसार खोक्यांत बांधलेला. मी जिन्यातच बसले.

खालच्या किराणा दुकानदारांनी ओळखीचा टेम्पो बोलावला. दादा दोन पोरांना घेऊन अर्ध्या तासात हजर. स्वयंपाकघरातली मांडणी रिकामी करण्याआधी त्यांनी मोबाइलवर तिचा फोटो काढला. कशाला, ते कोथरूडला कळलं. आधी पलंग जोडून ह्यांना आडवं केलं, मग फोटो बघत एकेक डबा होता त्याच क्रमानं लावला. म्हणाले, "आजी, उद्या चहाला साखर शोधायला नको." देवघर धाकट्या पोरानं लकडी पूल, कर्वे रस्ता असं सगळ्या वाटेनं मांडीवर धरून आणलं.

ठरल्यापेक्षा रुपयाही जास्त घेतला नाही. गडबडीत नाव विचारायचं राहिलं, त्याची रुखरुख आहे. दादा, सकाळी साखरेचा डबा पहिल्याच हाताला लागला. तुम्हा तिघांचे आणि दुकानदारांचे मनापासून आभार. चहाला नक्की या.